तेल, प्रार्थना आणि परदेशी पैसा: सिस्टरांच्या दवाखान्यांविषयी फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या ग्रुपांवर कॅथलिक सिस्टरांविरुद्धचा, म्हणजे ननांविरुद्धचा, एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: खेड्यातल्या या सिस्टर शिकलेल्या नसतात; तेल चोळून, प्रार्थना करून रोग बरा केल्याचा देखावा करतात; खरा पेशंट आला की हात वर करतात; पैसा परदेशातून येतो आणि सगळं शेवटी धर्मांतरासाठी चालतं. सरकारी दवाखाने असताना यांची गरज काय, हा शेवटचा सवाल. असल्या मेसेजवर विश्वास ठेवून कुणी चालू उपचार अर्ध्यात सोडला तर त्याची किंमत त्या घराला मोजावी लागते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी तेल. ते लावतात कुष्ठरोग्यांच्या पायाला. कुष्ठरोगात नसा खराब होतात. पायाची संवेदना जाते आणि घामही येईनासा होतो. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, भेगेत माती जाते आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्याच पायाने शेतात चालत राहतो. जखम हाडापर्यंत जाते ती अशी. त्यावरचा रोजचा उपाय सगळ्या कुष्ठरोग केंद्रांत एकच शिकवतात. पाय साध्या पाण्यात २० ते ३० मिनिटं बुडवून ठेवायचे, जाड झालेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासायची आणि पाय ओला असतानाच खोबरेल लावायचं, म्हणजे आत गेलेलं पाणी टिकतं. कोरड्या पायावर तेल चोळून काही उपयोग नाही. पाणी गरम घेतलं तर पाय भाजतो आणि भाजल्याचं कळतही नाही. घरी ब्लेडने कातडी कापली की नवी जखम होते. जखम आधीच असेल तर पायाला विश्रांती आणि मऊ तळव्याची एमसीआर चप्पल, एवढं तरी हवंच.

तेल रोग बरा करत नाही आणि तसं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. रोग बरा करतात त्या एमडीटीच्या (अनेक औषधांच्या एकत्र उपचाराच्या) गोळ्या: चट्टे पाचपर्यंत असतील तर ६ महिने, त्याहून जास्त असतील तर १२ महिने. त्या सरकारकडून फुकट येतात. प्रार्थना होते, हे नाकारायचं कारण नाही. ती गोळीच्या जागी होते का, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. पेशंटच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट बघा, किती कप्पे रिकामे झालेत ते मोजा, उत्तर तिथेच मिळेल.

"शिकलेल्या नसतात" याचं उत्तर लहान आहे. नर्सिंगचे कोर्स असे: एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचा. नर्स म्हणून काम करायचं तर नोंदणी कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे करावी लागते, अंगावर झगा असो की साडी. एके काळी अडचण उलट होती. १९३६ पर्यंत बाळंतपणाचं काम करायला खुद्द चर्चच्या नियमांचीच सिस्टरांना आडकाठी होती. डॉ. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन सिस्टर त्याआधीच, १९२० मध्ये, आंध्रात गुंटूरला आल्या होत्या. डॉक्टरकी करायला त्यांना पोपची खास परवानगी लागली. १९४३ मध्ये त्यांनी देशभरच्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना उभी केली. १९५७ मध्ये त्या बेंगळूरला वारल्या.

एक गोष्ट मात्र खरी. नर्सने स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड देऊ नये. ताप म्हटलं की सुई मागणारे लोक आहेत आणि ती देऊन मोकळे होणारे दवाखानेही आहेत. असं कुठल्याही सिस्टरनी केलं तर ते चुकीचंच. कर्नाटकाच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणीपत्र आणि दर दिसतील असे लावावे लागतात. ते बघणं हा प्रत्येक पेशंटचा हक्क आहे.

"खरा पेशंट आला की हात वर करतात." इथे नेहमी साप चावलेल्याचं उदाहरण देतात: सिस्टरनी इंजेक्शन न देता पुढे पाठवलं. त्यांनी बरोबर केलं. सापाच्या विषावरचं औषध साधारण १० बाटल्यांपासून सुरू होतं, शिरेतून द्यावं लागतं आणि त्याची जोराची रिअॅक्शन येऊ शकते. तेव्हा मांडीत अर्धा मिलिग्रॅम अॅड्रिनलिन, ऑक्सिजन आणि डॉक्टर हाताशी लागतात. लहान दवाखान्यात करायचं ते एवढंच: माणसाला चालू द्यायचं नाही, चावलेला हात किंवा पाय फळकुटाने स्थिर करायचा, अंगठ्या-पैंजण काढायचे, घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं-चोखायचं नाही आणि १०८ ला फोन लावायचा. पुढे रुग्णालयात २ मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर ही तपासणी फसते. शिवाय घाटातल्या हंप-नोज्ड पिट वायपरवर आपलं नेहमीचं प्रतिविष लागू पडत नाही. हे सगळं एका खोलीच्या दवाखान्यात बसून ठरवायचं नसतं.

परदेशी पैसा येतो, काही संस्थांना येतोच. पण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्चता येत नाही आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.

धर्मांतराचं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती १.८७ टक्के होते आणि बेळगाव जिल्ह्यात अर्ध्या टक्क्याच्याही खाली. खानापूर तालुक्यातल्या नंदगडसारख्या गावांतली ख्रिस्ती वस्ती तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अनुसूचित जातीच्या माणसाने ख्रिस्ती धर्म घेतला तर तो त्या यादीतून बाहेर पडतो, म्हणजे घरातल्या पोरांचं त्या यादीतलं आरक्षण जातं. धर्म बदलल्याशिवाय औषध नाही, असं कुणी म्हटलं तर ते सरळसरळ चूक समजावं आणि दवाखान्याच्या कारभाराची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाकडे करावी.

राहिला सवाल गरजेचा. डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचाच निकष आहे. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोलीला पावसाळ्यात वडाप नाही की रस्ता नाही. गोळ्या सरकारच्याच असतात, पण माणूस आणि गोळी यांच्यातलं अंतर कुणीतरी चालावं लागतं. आशा कार्यकर्ती चालते, सिस्टर चालतात.

टीबीचं बघा. पहिले २ महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे ४ महिने तीन औषधांची. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज ३, ५० ते ६४ किलोच्याला ४. म्हणून वजनकाटा सोबत लागतो. पहिल्याच आठवड्यात लघवी लालसर होते आणि घाबरून माणूस गोळी सोडतो. ती रिफाम्पिसिनमुळे होते, हे पहिल्या दिवशीच सांगावं लागतं. डोळे पिवळे दिसले किंवा नजर अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. बरेच लोक गोळ्या सोडतात ते दोन महिन्यांनी, खोकला थांबला की. त्यात निक्षयचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकारकडून मिळणारे, महिन्याचे पैसे, २०१८ पासून ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,०००, बँक खातं नीट जोडलेलं नसलं की अडकतात. अर्ज बहुतेक कन्नडात आणि घरातल्या आजीला येते फक्त मराठी. तो कागद भरून द्यायलाही कुणीतरी लागतं. ऊसतोडीला निघालेल्या पेशंटला निघायच्या आधी निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) लिहून द्यायचा, नाव तिकडच्या केंद्राकडे वर्ग करून घ्यायचं, वाटेतल्या दिवसांच्या गोळ्या मोजून पिशवीत घालायच्या आणि पुढची थुंकी तपासणी कधी आहे ते त्याच कागदावर ठळक लिहायचं.