गाजर गवत, तिरक्या अक्षरात

गाजर गवताला वाढायला काहीच लागत नाही. पडीक रान, रुळांची कडा, वादातला प्लॉट, काहीही चालतं. १९५०च्या दशकात पुण्यात दिसलं आणि आता देशभर आहे. त्याच्यावरचा शोधनिबंध मात्र चारही बाजूंनी अडीच सेंटीमीटर मार्जिन सोडल्याशिवाय उगवत नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. पदोन्नतीच्या फाईलला पेपर लागतात, म्हणून गाजर गवताच्या अर्काने ज्वारीची उगवण किती घटते ते तपासलं. निष्कर्ष बरे आले. ‘आता फक्त फॉरमॅटिंग उरलंय,’ असं घरी सांगितलं. त्या ‘फक्त’वर बायको अजून हसते.

नियतकालिकाचा ‘लेखकांसाठी सूचना’ हा दस्तऐवज माझ्या पेपरपेक्षा लांब होता. टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. परीक्षकाला ‘ओळ २१४ हास्यास्पद आहे’ असं नेमकं सांगता यावं, याची सोय आपणच करून द्यायची.

मग वनस्पतीचं नाव. ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ तिरक्या अक्षरात, पण त्यापुढचा, हे नाव देणाऱ्या लिनिअसचा ‘एल.’ सरळ. दुसऱ्यांदा नाव आलं की ‘पार्थेनियम’चं नुसतं ‘पी.’, आणि ते पुन्हा तिरकं. माझी विद्यार्थिनी स्क्रीनला नाक लावून म्हणाली, “सर, ‘एल’ सरळ आहे, पण त्याचं टिंब तिरकं झालंय.” टिंब तिरकं आहे की सरळ हे ओळखणारा माणूस जगात कुठेतरी असणार, आणि माझा पेपर नेमका त्याच्याकडेच जाणार, याची मला खात्री होती. टिंब सरळ केलं.

संदर्भसूची एपीए, म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्र संघटनेच्या, पद्धतीने हवी होती. तिच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे एखाद्या पेपरचे २० लेखक असतील तर सगळ्यांची नावं द्यायची. २१ झाले की पहिले १९, मग तीन टिंबं, मग एकदम शेवटचा. म्हणजे कालपर्यंत मानाने बसलेला विसावा लेखक, लग्नपत्रिकेत नाव राहून गेलेल्या काकांसारखा, टिंबांत गडप. संदर्भ लावणारं सॉफ्टवेअरही घेतलं. काम चोख करतं, पण ‘महाराष्ट्र शासन’ हा लेखक त्याला हाडामांसाचा माणूस वाटला. यादीत छापून आलं : ‘शासन, म.’

पुढे ‘हायलाइट्स’, म्हणजे पेपरचं सार. तीन ते पाच वाक्यं, प्रत्येकी फार तर ८५ अक्षरं, मोकळ्या जागा धरून. जागा होईना म्हणून मी ‘लक्षणीयरीत्या’ काढलं. संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांनी डोळे वटारून परत घालायला लावलं. शेवटी ज्वारीच काढली.

पेपर नाकारला गेला. त्याचं दुःख नव्हतं. दुसऱ्या नियतकालिकाला संदर्भ नावांऐवजी आकड्यांनी हवे होते, हे दुःख. काही प्रकाशक हल्ली ‘पहिल्या वेळी हव्या त्या स्वरूपात पाठवा’ म्हणतात. देव त्यांचं भलं करो. माझ्या विषयाचं नियतकालिक त्यांच्याकडे नाही.

अखेर त्या दुसऱ्या नियतकालिकात पेपर स्वीकारला गेला आणि चेन्नईहून प्रूफ आलं. नियतकालिक युरोपातलं, पण पानं लावायचं काम चेन्नईत. त्यांनी मार्जिन, दुप्पट अंतर, टाइम्स न्यू रोमन सगळं पुसून स्वतःच्या टाइपात दोन स्तंभांत बसवलं होतं. ४८ तासांत उत्तर द्या, म्हणाले. पहिला प्रश्न : लेखकाचं नाव कोणतं, आडनाव कोणतं? घोळ नको म्हणून मी माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही सुटं करून, स्वल्पविराम देऊन पाठवलं.

लगोलग विचारणा आली : दुसऱ्या लेखकाचा ईमेल आणि सोळा आकडी ऑर्किड क्रमांक (फुलाचा नव्हे, संशोधकाच्या ओळखीचा) कळवावा.

दुसरे लेखक म्हणजे आमचे तात्या. ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांना सगळं समजावून सांगितलं.

“बरं,” ते म्हणाले, “पैसे किती देणार?”

“देत नाहीत, तात्या. घेतात.”