मालकाचा कर भरायचा मी, आणि मालक ते

इंग्लंडमध्ये मी एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर आयटीचं काम करतो. शुक्रवारी दुपारी पेस्लिप येते आणि माझ्या वीकेंडची तिथेच माती होते.

या आठवड्याची समोरच उघडी आहे. दिवसाला 400 पौंड, पाच दिवस, झाले 2000. पहिली वजाबाकी अंब्रेला कंपनीचं मार्जिन, म्हणजे फी, 25. (अंब्रेला म्हणजे एजन्सी आणि माझ्यामध्ये बसून माझा पगार काढणारी, कागदोपत्री माझी मालक.) दुसरी एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे मालकाने भरायचा सामाजिक विम्याचा कर, 244. तिसरी अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणासाठी मालकांवरचा कर, साडेआठ. या वयात मी कुठली अप्रेंटिसशिप करणार आहे देव जाणे. एवढं कापून उरलेल्या 1722 ला म्हणायचं माझा 'ग्रॉस'. मग त्यातून माझा टॅक्स 447, माझा नॅशनल इन्शुरन्स 73. हातात 1202. पेन्शनमधून मी नाव काढून घेतलंय, नाहीतर तिथला एम्प्लॉयरचा वाटाही याच 2000 मधून गेला असता.

एम्प्लॉयरचा वाटा! माझ्या पैशातून! नाशिकला बाबांना हे फोनवर समजावताना माझीच जीभ अडखळली. बाबांचा जन्म बँकेत गेला. म्हणाले, "अरे, आपल्याकडे सीटीसीत कंपनीचा पीएफ धरतात, तसलंच ना काहीतरी?" अहो बाबा, तो पीएफ निदान आपल्या खात्यात तरी पडतो. हा थेट सरकारजमा. "मग मालक स्वतःचं काय भरतो?" काही नाही. "मग तो मालक कसला?"

तेच तर! वर एजन्सीवाली गोड आवाजात सांगते, "400 हा असाइनमेंट रेट आहे, म्हणजे अंब्रेलाला मिळणारी रक्कम, तुमचा पगार नव्हे." बाई, जाहिरातीत 400 छापताना हे कुठे गेलं होतं? आणि अंब्रेला तरी मी निवडली का? एजन्सीच्या यादीत तीन नावं, त्यातलं एक घ्या नाहीतर काम विसरा. नाव छत्री, पण पाऊस सगळा माझ्यावर आणि छत्रीचं भाडं आठवड्याला 25 पौंड.

या सगळ्याच्या मुळाशी तो आयआर 35, म्हणजे स्वतःची कंपनी काढून नोकरासारखंच काम करणाऱ्याला टॅक्सपुरता नोकर धरणारा नियम. 1999 च्या बजेटच्या वेळी निघालेल्या 35 नंबरच्या प्रेस रिलीजवरून पडलेलं नाव, अंमल 2000 पासून. हेतू वाईट नव्हता. शुक्रवारी नोकरी सोडायची, सोमवारी स्वतःची लिमिटेड कंपनी काढून त्याच खुर्चीत येऊन बसायचं, आणि पगाराऐवजी डिव्हिडंड घेऊन टॅक्स वाचवायचा, असे लोक होतेच. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. पण तेव्हा आपण इनसाइड (नियमात बसणारे, टॅक्सला नोकर) की आउटसाइड (खरे स्वतंत्र) हे आपलं आपण ठरवायचो, चुकलो तर आपण भरायचो. सरकारी खात्यांत 2017 पासून आणि मध्यम-मोठ्या खासगी कंपन्यांत एप्रिल 2021 पासून ते क्लायंट ठरवतो. चुकीचा भुर्दंडही आता त्याच्याच बाजूला. मग तो कशाला डोकं लावतोय? सरसकट सगळे इनसाइड, स्वतःची कंपनी नको, अंब्रेलातूनच या, विषय संपला.

माझं 'डिटरमिनेशन', म्हणजे मला इनसाइड ठरवणारं क्लायंटचं पत्र, आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, 'आपल्या कामाच्या पद्धतीचा स्वतंत्रपणे विचार करून'. खाली माझं पद बिझनेस अनॅलिस्ट. मी टेस्टर आहे! शेजारच्या टेबलावरच्या डेटाबेसवाल्यालाही शब्दन् शब्द तेच पत्र, आणि तोही बिझनेस अनॅलिस्ट. मी हरकत घेतली. उत्तर द्यायला क्लायंटला 45 दिवस असतात. 43व्या दिवशी दोन ओळी आल्या: फेरविचार केला, निष्कर्ष कायम. पद तेवढं दुरुस्त केलं.

बरं, हे नियम त्यांना तरी कळतात का? सरकारने इनसाइड-आउटसाइड ठरवायला स्वतःचं ऑनलाइन टूल बनवलं. ते वापरून कामगार आणि पेन्शन खात्याने आपले कॉन्ट्रॅक्टर आउटसाइड ठरवले, आणि शेवटी टॅक्सवाल्यांना 8 कोटी 79 लाख पौंड मोजले. सरकारचं खातं, सरकारचं टूल, सरकारचाच दंड. आणि अक्कल आम्हाला शिकवतात.

2022 ची थट्टा तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. 23 सप्टेंबरला तेव्हाचा अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंगने जाहीर केलं, 2017 आणि 2021 चे बदल एप्रिलपासून रद्द. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दसरा आधीच आला. मी झोपवून ठेवलेली लिमिटेड कंपनी जागी केली, अकाउंटंटला पैसे दिले. 17 ऑक्टोबरला नव्या अर्थमंत्र्याने, जेरेमी हंटने, ते रद्द करणंच रद्द केलं. लक्ष्मीपूजन 24 ला होतं. दिवाळीच्या आधी आठवडाभर आमचं दिवाळं.

टॅक्सला मी नोकर, हे मान्य करू एकवेळ. मग बाकीचं द्या ना नोकराचं! ऑफिसात माझ्या गळ्यातली पट्टी लाल, परमनंटवाल्यांची निळी. लाल पट्टीला कँटीनमध्ये सवलत नाही. ख्रिसमसला दोन आठवडे ऑफिस बंद, निळ्यांना पगार, लाल घरी फुकट. रेडिंगहून बर्मिंगहॅमला जातो, ट्रेन माझी, हॉटेल माझं. त्या खर्चावरची टॅक्सची सूटही अंब्रेलावाल्यांची 2016 सालीच काढून घेतली, क्लायंटच्या देखरेखीखाली काम करता म्हणून. म्हणजे दोन्हीकडून मार आम्हालाच.

आणि ती हॉलिडे पे! त्या 1722 मधले 185 हे रजेचे. माझेच पैसे, माझ्याच रजेसाठी बाजूला काढून मलाच द्यायचे. आधीच्या अंब्रेलाकडे ते साठवून ठेवायचा पर्याय मी मूर्खासारखा निवडला. मेमध्ये नाशिकला जायचं म्हणून एप्रिलमध्ये मागायला गेलो तर उत्तर, रजेचं वर्ष 31 मार्चला संपलं, न घेतलेली रजा बाद. हँडबुकमध्ये लिहिलंय म्हणे, पान 31. उघडून पाहिलं. खरंच होतं. त्याच पानावर वर मोठ्या अक्षरात: 'आमच्या कुटुंबात तुमचं स्वागत.'

तीन महिने ईमेलामेली करून अर्धे परत मिळवले. त्यावरही टॅक्स कापला, आणि त्या आठवड्याचं मार्जिन, 25.