सांगावा घेऊन येणारी माणसं

परवा आमच्या कॉलनीत बाबासाहेबांच्या जयंतीची मीटिंग झाली, तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून काढल्याशिवाय मला झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, निवांत असाल तेव्हा वाचा.

मीटिंगचा विषय साधाच, पैशाचा. डीजेला किती, लायटिंगला किती, बॅनरवर कुणाकुणाचे फोटो. मी म्हणाले एक संध्याकाळ गायन पार्टी ठेवूया, पेटी ढोलकीवर बुद्ध-भीमाची गाणी म्हणणारी, पूर्वी असायची तशी. तर एक पोरगा, चांगला शिकलेला, चळवळीत धावपळ करणारा पोरगा आहे, मनाने अजिबात वाईट नाही, तो म्हणाला, "ताई, ते जुन्या काळचं एंटरटेनमेंट झालं, आता लोक बसत नाहीत." लोक बसत नाहीत हे मला मान्य आहे. पण एंटरटेनमेंट हा शब्द मला लागला तो लागलाच. घरी येऊन भाजी चिरताना पण तोच शब्द.

कारण माझ्या आजीला बुद्ध कुणी सांगितला, तर गाण्याने सांगितला.

आजी निफाड तालुक्यातली. अंगठेबहाद्दर. पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवायची आणि मग तो अंगठा पदराला पुसत बसायची, शाई जाईपर्यंत. १९५६ साली १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म घेतला तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची, कडेवर पोरगं. घरातले देव पाटीत भरून नदीला सोडले एवढं तिला आठवत होतं. पण देव गेले आणि त्याजागी काय आलं हे तिला कोण सांगणार होतं? जरा हिशोब करा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेब गेल्यावर १९५७ साली छापून आला, तोही इंग्रजीत. मराठीत यायला पुढे आणखी बरीच वर्षं गेली. आणि १९६१ च्या जनगणनेत अख्ख्या देशात बायांमधलं साक्षरतेचं प्रमाण होतं साधारण १५ टक्के, सगळ्या जातीधर्माच्या बाया धरून. आमच्या वस्तीत तर एकही बाई लिहितीवाचती नव्हती असं आजी सांगायची. म्हणजे ग्रंथ इंग्रजीत आणि ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना मराठीसुद्धा वाचता येत नाही. मधलं हे अंतर कुणी भरून काढलं?

मी बारावीनंतर तो ग्रंथ पहिल्यांदा वाचला. शाळेच्या पुस्तकात आम्हाला होतं की सिद्धार्थाने म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं आणि घर सोडलं. पण आजी लहानपणापासून मला वेगळंच सांगायची. "पाण्यावरून भांडण झालं गं. नदीचं पाणी कुणी घ्यायचं. हे म्हणले आमचं, ते म्हणले आमचं. लढाई करायची ठरली. ह्यो म्हणला लढाई नको, म्हून त्याला घर सोडावं लागलं." मला वाटायचं आजीने काहीतरी दुसऱ्याच गोष्टीशी मिसळून टाकलंय. आणि ग्रंथ उघडला तर पहिल्याच भागात तेच. रोहिणी नदी, शाक्य आणि कोलीय, पाण्याचा तंटा, संघात झालेलं मतदान, सिद्धार्थाचा युद्धाला विरोध. म्हातारा-आजारी-प्रेत ही गोष्ट बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच नाकारलीय, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा बघितलाच नसेल हे कसं पटावं असं विचारलंय. म्हणजे आजीचं बरोबर होतं आणि माझ्या शाळेचं पुस्तक कमी पडलं होतं. मी आजीला विचारलं तुला हे कुणी सांगितलं, तर म्हणाली, "पार्टीवाले आलते की. गाण्यात होतं."

हे मी कधी विसरणार नाही. मुंबई-दिल्लीत बसून लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथातली गोष्ट निफाडच्या एका वस्तीत, अंगठा उठवणाऱ्या बाईच्या डोक्यात, जशीच्या तशी, एक काना मात्रा न हलता पोचली. पोचवली कुणी तर एक पेटी, एक ढोलकी, एक बुलबुल तरंग आणि दोन कोरस घेऊन एसटीने हिंडणाऱ्या माणसांनी. आणि पाण्याचं भांडण आजीच्या डोक्यात पक्कं का बसलं, हे वेगळं सांगायला नकोच. चवदार तळं माहीत असलेल्या माणसाला पाण्याची गोष्ट लगेच कळते.

आता, आपल्यातलेच काही लोक हल्ली या गायकांना प्रेषित म्हणतात, देवदूत म्हणतात, त्यांच्या फोटोमागे तेजाचं वलय लावतात. भावना समजते, पण मला तो शब्द नको वाटतो. बुद्धाने स्वतःला प्रेषित म्हणवून घेतलं नाही, मोक्षदाता नाही तर मार्गदाता, हे बाबासाहेबांनी किती ठळक लिहिलंय. मग त्याचा धम्म सांगणाऱ्याला आपण प्रेषित कसं म्हणायचं? माझ्याकडे त्यापेक्षा चांगला शब्द आहे आणि तो आपल्याच घरातला आहे. सांगावा. हे लोक सांगावा घेऊन येणारे होते.

हा शब्द मी असाच घेतलेला नाही. महारकी म्हणजे काय काय होतं हे नव्या पोरांना माहीत नसतं. गावचं मेलेलं ढोर ओढायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात एक काम सांगावा पोचवायचं होतं. सरकारी टपाल, पाटलाचा निरोप आणि सगळ्यात जास्त म्हणजे मयताचा सांगावा. पाटलाकडे कुणी वारलं की रात्रीबेरात्री, पाऊस असो काही असो, महाराने उठायचं आणि पाच-सात कोसांवरच्या सोयऱ्यांच्या गावी पायी जाऊन सांगायचं. आजीचा बाप हे करायचा. हातात घुंगराची काठी. दारापासून लांब उभं राहून मोठ्याने सांगायचं, आत जायचं नाही. मग कुणीतरी वरून भाकरी टाकायचं. एकदा तो भर पावसात असा गेला आणि आला तो तापाने फणफणलेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावातून आणखी एक सांगावा होता तर तापातच परत गेला. हे सांगताना आजीचा आवाज चढायचा नाही, उलट अगदी बारीक व्हायचा. महारकीसारखी हलकी वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. पिढ्यानपिढ्या पायपीट करून दुसऱ्याची मयतं सांगितली. आपल्या घरातलं सांगायला तोंड नव्हतं.

आणि मग ह्याच माणसांची पोरं स्वतःचा सांगावा घेऊन निघाली. तेच पाय, तेच गावोगाव, हाताला तेच घुंगरू, फक्त आता ते ढोलकीवाल्याच्या मनगटाला. दाराबाहेर उभं राहून नाही, वस्तीच्या मधोमध, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, बाया पुढे बसवून. मला हे आठवलं की अंगावर काटा येतो, आत्ता लिहिताना पण आलाय.

वामनदादा कर्डक घ्या. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. आजीला त्यांचा भारी अभिमान, "आपल्या अंगचा माणूस" म्हणायची. मुंबईत मिलमध्ये काम केलं, आणि तेव्हा वाचता येत नव्हतं. कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणालं आणि यांना वाचता येईना, तो कमीपणा इतका झोंबला की तरणाबांड गडी अक्षरं शिकला. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं. त्यानंतर साठ वर्षं तो माणूस हिंडत राहिला. हजारो गाणी. कार्यक्रमाला आला की गावात काय झालंय, कुणावर काय बेतलंय ते ऐकायचं आणि रात्री ते गाण्यात. त्यांचं एक गाणं आहे ज्यात ते मोठमोठ्या भांडवलदारांची नावं घेऊन सरळ विचारतात की आमचा वाटा कुठाय. दुसरं एक आहे, बाबासाहेबांना उद्देशून, की तुमच्या मताची पाच माणसं जरी असती तरी चित्र वेगळं असतं. म्हणजे समोर बसलेल्या आपल्याच हजार लोकांना, तुमच्यात खरे पाचसुद्धा नाहीत, असं तोंडावर सांगायचं आणि त्या लोकांनी ते डोक्यावर घ्यायचं. आपल्या माणसाला त्याची चूक त्याच्यासमोर सांगायला जो घाबरत नाही त्याला मी सांगावा आणणारा म्हणते. तेच गाणं हल्ली डीजेवर एवढ्या जोरात वाजतं की एक शब्द कळत नाही आणि पुढे पोरं नाचत असतात. त्या शब्दांवर नाचायचं नसतं रे बाळांनो, ते आपल्यासाठीच लिहिलेत.

बाबासाहेबांना हे सगळ्यात आधी कळलेलं. तीसच्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा, म्हणजे गाण्या-नाट्यातून लोकांना जागं करणारा कार्यक्रम, गावोगाव फिरायचा, सत्यशोधकी जलशाची वाट पुढे नेत, आणि माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच असं बाबासाहेब म्हणाल्याचं आमच्याकडे मोठी माणसं सांगत आलीत. परदेशातल्या दोन विद्यापीठांची डॉक्टरेट घेतलेला माणूस, ज्याच्याएवढी पुस्तकं कुणी वाचली नसतील, तो ढोलकीला हे मोल देत होता.

आता प्रल्हाद शिंदे. हे लिहू का नको असं वाटत होतं, कारण यावरून आमच्याच घरात वाद झालेत. माझे काका म्हणायचे, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातला माणूस पंढरीची गाणी कशी काय गातो? आषाढीला कुठल्याही टपरीवर, ट्रकवर, दिंडीच्या स्पीकरवर आवाज कुणाचा तर प्रल्हाद शिंदेंचा. आणि चैत्यभूमीला ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर कॅसेट कुणाची तर त्यांचीच. काकांचा प्रश्न खोटा नव्हता. पोटासाठी गायले, कंपन्यांनी जे दिलं ते गायले, हे उत्तर पण खोटं नाही. कलाकाराला घर असतं, पोरंबाळं असतात.

पण मला त्यापुढचं एक दिसतं. शिंदे घराणं मंगळवेढ्याचं. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून तिथेच गेले, १३३८ साली. ज्या विठ्ठलासाठी आयुष्यभर अभंग रचले त्याच्या देवळात त्यांना पाय ठेवता आला नाही, समाधी झाली तीही बाहेर, नामदेव पायरीपाशी. ते दार उघडायला १९४७ चा मे महिना लागला, साने गुरुजींचं उपोषण लागलं. सहाशे वर्षांच्या वर. आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत त्याच मंगळवेढ्याच्या, त्याच समाजातल्या माणसाचा आवाज लाखो वारकऱ्यांच्या तोंडी बसला, इतका की तो कुणाचा आहे हे विचारायचं कुणाला सुचत नाही. बाबासाहेबांनी १९४८ सालचं त्यांचं अस्पृश्यांवरचं पुस्तक ज्या तीन संतांना अर्पण केलं त्यात नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहेत, हे मी काकांना दाखवलं होतं. काका बराच वेळ गप्प बसले. पटलं असं म्हणाले नाहीत. मी पण पूर्ण पटवू शकले असं मला वाटत नाही, कारण देव मी मानत नाही आणि तरी तो आवाज कानावर आला की मी हातातलं काम थांबवते. आर्त आवाज आहे तो, आणि ती आर्तता कुठून आली असेल हे मला ठाऊक आहे.

२००४ सालचा उन्हाळा आठवतो. १५ मे ला वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. चाळीस दिवसांच्या आत दोघं. आजी तेव्हा होती. पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने चूल पेटवली नाही. दुसऱ्यांदा फक्त म्हणाली, "आता गावाला कोण उठवणार?"

आणि शाहीर विठ्ठल उमप. २६ नोव्हेंबर २०१०, नागपूर, दीक्षाभूमी. कार्यक्रमासाठी स्टेजवर गेले आणि स्टेजवरच कोसळले. ऐंशीच्या घरात होते. आवाज अजून पहाडासारखा. नाव विठ्ठल आणि देह ठेवला दीक्षाभूमीवर, यावर मी कितीतरी वेळा विचार केलाय.

बुद्धाने भिक्खूंना सांगितलं होतं, चालत राहा, बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी. आमच्या भागात तेव्हा भिक्खू किती होते? आजीने पहिला भन्ते बघितला तेव्हा माझी आई शाळेत जात होती. तोपर्यंतची सगळी वर्षं धम्म चालत आला तो या माणसांच्या पायांनी. चिवर नव्हतं, मळका कोट होता. काहींना दारूचं व्यसन होतं, काहींचे संसार मोडले, हे मी झाकून ठेवणार नाही, आणि त्यांचे हाल आपण उघड्या डोळ्यांनी बघितले हेही झाकून ठेवणार नाही. बिदागीला नारळ आणि शाल दिली की आपलं झालं. आजारी पडल्यावर कोण गेलं बघायला?

म्हणून त्या पोराला मला सांगायचंय, बाळा, डीजे लाव, नाच, जयंती आहे, आनंद तुझ्या हक्काचा आहे. पण गायन पार्टीला एंटरटेनमेंट म्हणू नकोस. तुझ्या मोबाईलमध्ये अख्खा ग्रंथ पीडीएफमध्ये आहे, तुझ्या पणजीकडे गाणं होतं फक्त, आणि ते तिने जपलं म्हणून तू आज ताठ मानेने मीटिंगमध्ये बोलतोस.

तर मीटिंगमध्ये शेवटी हो-नाही करत एक संध्याकाळ मिळाली. मी एका जुन्या गायकांना फोन केला, सत्तरी ओलांडलीय, पार्टी मोडलेली, पेटी अजून घरात आहे. पैशाचं मी काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "किती वाजेपर्यंत परवानगी?" दहा, म्हणाले मी. "पूर्वी आमचं दहाला सुरू व्हायचं," म्हणाले, आणि जरा थांबले. मग म्हणाले, "बरं, सहाला बसू. बायांना पुढं बसवा."

११ एप्रिल, जोतिबांच्या जयंतीला, संध्याकाळी सहा वाजता, विहाराच्या पटांगणात. सतरंज्या कमी आहेत, आपापल्या घरून आणा, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना हाताला धरून घेऊन या.