"नवशिका एवढा एक शब्द पुरे" म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, तुमची कमेंट दोनदा वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं पण रात्री झोप लागंना म्हणून लिहायलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या कामात नवीन असलेल्या माणसाला इंग्रजीत कुठं काय म्हणतात, बिगिनर, नॉव्हिस, रूकी, फ्रेशर, ॲप्रेंटिस वगैरे, यावर मी लेख टाकला होता. त्यावर सर लिहितात, "नवशिक्याला नवशिका म्हणा, एक शब्द पुरे. दहा इंग्रजी शब्द गोळा करून कसला शहाणपणा दाखवता?" शिवाय लेख लांबला, न्यूबी आणि नूब एकाच ओळीत टाकले, ग्रीनहॉर्न आता कोण म्हणतं, अशा आणखी तीन तक्रारी.

आधी त्या "शहाणपणा"वर बोलू. सर, तुम्ही स्वतः लिहिलंय की तुम्ही निवृत्त शिक्षक आहात. वर्गात एखाद्या पोरानं चार शब्द जास्तीचे पाठ करून आणले तर तुम्ही त्याला असंच बोलायचात का? मुद्दा पटला नाही म्हणा, चूक दाखवा, पण लिहिणाऱ्याची लायकी काढायची ही कुठली रीत? माझ्या घरात मोठ्यांना उलटं बोलायची पद्धत नाही, म्हणून अजून तरी सांभाळून लिहायलो.

आता "एक शब्द पुरे". मराठीत तरी पुरतो का सर? आरटीओतून मिळतं ते शिकाऊ लायसन, सहा महिन्यांचं, त्याला कुणी नवशिकं लायसन म्हणत नाही. एसटीच्या जाहिरातीत शिकाऊ उमेदवार असतो. सरकारी पत्रात परिविक्षाधीन, म्हणजे प्रोबेशनवरचा, अधिकारी असतो. गावात नवीन आलेला तो नवखा, त्याला काम येत असंल पण रस्ते माहीत नसतात. आणि लपंडावात धाकट्या भावाला घ्यावंच लागतं पण त्याच्यावर राज्य येत नाही, ते कच्चं लिंबू. ह्या सगळ्यांना नवशिका म्हणून बघा बरं, जमतंय का.

आणि माझं हे पुस्तकी नाही. मी मराठी शाळेतला, जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला, आयटीआय करून वाळूजला एका कंपनीत लागलो. नाव घेत नाही. कागदावर ॲप्रेंटिस लिहिलेलं होतं. मला वाटलं ॲप्रेंटिस म्हणजे नवीन लागलेला, पुढं आपोआप पर्मनंट होणार, घरी पेढे वाटले, वडलांनी गावभर सांगितलं, आणि मुदत संपल्यावर एक सर्टिफिकेट हातात देऊन गेटबाहेर. तेव्हा कळलं की 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यात तो कामगार धरलाच जात नाही, प्रशिक्षणार्थी धरला जातो. त्याला पगार नाही, स्टायपेंड मिळतो. पीएफ नाही. करारात तसं लिहिलेलं नसंल तर नंतर कामावर ठेवायलाच पाहिजे असंही नाही. त्याच लाइनवर शेजारी प्रोबेशनवरचा पोरगा होता, माझ्याइतकाच नवीन, पण तो नोकरीला घेतलेला, पगारावर, पीएफ कापला जाणारा, फक्त काम बघून कायम करायचा बाकी. दोघंही नवशिकेच की सर! आता सांगा, एक शब्द पुरला का आम्हाला? मला कुणी हा फरक आधी सांगितला असता तर मी वडलांना तरी गावभर सांगू दिलं नसतं. आणि ट्रेनी लिहिलं असंल तर आणखी जपून, कारण त्या शब्दाखाली कंपन्या काहीही घालतात, म्हणून पत्रातल्या अटी वाचायच्या. हेच सांगायला तो लेख लिहिला होता, शहाणपणा दाखवायला नाही.

बाकी शब्दांचंही तेच. नॉव्हिस हा ख्रिस्ती मठात व्रत घेण्याआधी पारखला जाणारा माणूस, किमान वर्षभर तो तसा राहतो. निओफाइट ग्रीकमधून आलेला, अर्थ नव्यानं लावलेलं रोप, म्हणून आधी नव्यानं धर्मात आलेल्याला म्हणायचे. टायरो लॅटिनमधला, फौजेत नवीन भरती झालेला. रूकीही फौजेतलाच, तिथून खेळात गेला, अमेरिकेत बास्केटबॉलला पहिल्याच मोसमात चमकलेल्याला त्याच नावाचा पुरस्कार देतात. म्हणजे रूकी म्हटलं की कौतुक पण असू शकतं, नूब म्हटलं की नुसता अपमान.

ग्रीनहॉर्न कोण म्हणतं, असं विचारलंत. तो शब्द मुळात नवी शिंगं फुटलेल्या बैलाचा. माळेगावच्या जनावरांच्या यात्रेत लाल कंधारी जातीच्या गोऱ्ह्याचा जबडा उघडून "अदंत हाय", म्हणजे अजून पक्के दात आले नाहीत, असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला तो एका झटक्यात कळंल, आम्ही दात बघतो, इंग्रजांनी शिंगं बघितली. तुम्हाला कळला नाही तर त्यात शब्दाचा काय दोष.

न्यूबी आणि नूबचं मान्य. न्यूबी म्हणजे नुसता नवीन, नूब ही गेम खेळणाऱ्या पोरांची शिवी, दोन वेगळ्या ओळी पाहिजेत, आज करतो. लेख लांबला म्हणता, तर लांबला. ज्यांना वाचायचा होता त्यांनी वाचला.

पुढच्या वेळी कमेंट जरूर टाका, पण टाकायच्या आधी तुमच्या गावातल्या आयटीआयच्या एका तरी पोराला विचारा, ॲप्रेंटिस आणि प्रोबेशनमधला फरक कुणी सांगितला का म्हणून.