इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांच्या सहलीबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

झुलता पूल न करता परतावं लागलं, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. एवढ्या लांब जाऊन ठरवलेली गोष्ट राहिली की जिवाला लागतं. पण ‘पैसे पूर्ण घेतले, चढाई अर्धीच करवली, कारण गाइडला घरी जायची घाई होती’ हे तुमचं वाक्य वाचून रात्रभर झोप लागली नाही. बडोद्यात एकाने दुसऱ्याला आमचं नाव सांगितलं तरच आमची सहल भरते. म्हणून सविस्तर लिहितो.

कोल्फोस्को गावावरची त्रिदेंतिना ही डोलोमाइट्समधल्या सर्वात गर्दीच्या फेराटांपैकी एक. फेराटा म्हणजे कड्याला पोलादी तार ठोकलेली चढाईची वाट; आपल्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, दोन कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कड्या. बोल्ट आला की एक काढून पुढच्या तारेत अडकवायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच सुटे करायचे नाहीत. आणि दोन बोल्टांमधल्या तारेवर एका वेळी एकच माणूस, कारण वरचा घसरला तर तो खालच्याच्या अंगावर येतो. पुढे रांग असेल तर मागच्याने थांबायचं, दुसरा इलाज नाही. उशिरा निघालेल्याला तो वेळ वर भरून काढता येत नाही.

म्हणूनच आदल्या रात्री जेवताना सांगितलं, ग्रुपवरही टाकलं: बस साडेसहाला. तुम्ही मंडळी खाली आलात पावणेआठला. मी बसच्या दाराशीच उभा होतो. आत ज्येष्ठ मंडळी हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती, कोणी चकार शब्द काढला नाही. नंतर धबधब्यापाशी फोटो झाले. तेही समजू शकतो, जागाच तशी आहे. पण तोवर पुढे चार तुकड्या तारेला लागल्या होत्या.

झुलता पूल शेवटच्या उभ्या कड्याच्या वर आहे, आणि त्या कड्याआधी बाहेर पडायची वाट आहे. तिथे पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि सेला डोंगरावर ढग काळे झाले होते. उन्हाळ्यात तिकडे दुपारी वादळं होतात, आणि वीज चमकत असताना पोलादी तारेला अडकून राहणं म्हणजे जिवाशी खेळ. ‘पाऊस तर जेमतेम पाच मिनिटं पडला’ असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. पण वरच्या पिशादू हटवर, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यावर, हार्नेस सोडत असतानाच गडगडलं, तेव्हा तुमच्याच मुलाने मला विचारलं, “काका, आपण आत्ता पुलावर असतो का?” मी हो म्हणालो.

गाइडला घाई नव्हती. व्हाल सेतुस घळीच्या उतारावर, जिथे पुन्हा तारा आहेत, तो तुमच्या यजमानांच्या एक पाऊल पुढे राहून त्यांचा पाय कुठे ठेवायचा ते दाखवत होता. त्याचे पैसे अख्ख्या दिवसाचे असतात, पुलाचे वेगळे नसतात. पावागढच्या सरावाला, माचीपासून वर, तुम्हाला जमलं नाही. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पुढच्या बॅचपासून निघायची वेळ फॉर्मवरच ठळक लिहू, जमल्यास दोन तुकड्याही करू. दांडिया बाजारच्या ऑफिसात या, चहा घेऊ, बोलू. अभिप्रायात दिलेले स्टार दोनच राहू द्या, तो तुमचा हक्क आहे. गाइडबद्दलचं ते एक वाक्य तेवढं काढाल का?

आपला,
सहल संचालक, बडोदा