कडुनिंब, तुमच्या कॉमेंटचं उत्तर (जरा लांब झालंय)

तुमचं खरं नाव माहीत नाही म्हणून कडुनिंबच म्हणते. पाडव्याला आम्ही तो गुळासोबत खातो, तुम्ही गूळ घालायला विसरलात इतकंच. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण पहिल्या रात्री जे लिहिलं होतं ते टाकलं असतं तर नुसतं भांडण झालं असतं, ह्यांनी मोबाईल काढून घेतला आणि झोप म्हणाले.

ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी. मी लिहिलं होतं की रंगपंचमीला आमच्या इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघाली होती, घरातले सगळे तिकडे, आणि मी पॅरालिसिस झालेल्या सासूबाईंजवळ एकटी. कितीतरी रात्रींची त्यांची झोप उडाली होती. मी पाठीवर हात ठेवून बसले आणि त्या झोपल्या, चांगल्या तीन तास. तेव्हा वाटलं की हेच आपलं काम. पुढे रेकीचा (हात ठेवून ऊर्जा देतात म्हणे, तो उपचार) कोर्स केला आणि इंट्यूइटिव्ह हीलर, म्हणजे आतून कळून बरं करणारी, म्हणून कार्ड छापलं. बरं वाटलेल्यांची नावंही पोस्टमध्ये दिली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत, "ताई, वसंतातच बरा साक्षात्कार होतो, मे महिन्यात का नाही झाला? बरे झालेल्यांचीच नावं का? बाकीचे कुठे गेले? आणि लोकांच्या दुखण्यावर पैसे घेऊन राहिल्या, हे कायद्यात बसतं का?"

वसंताचं आधी सांगते, सोपं आहे. मार्च एंडिंग. मी अठरा वर्षं कापडाच्या दुकानात होते, हिशोब आणि काउंटर दोन्ही, आणि त्या वर्षी मार्चमध्ये सासूबाईंसाठी नोकरी सोडली. सिमरोलच्या घाटात पळस फुलला होता हे खरं, पण पळसाने मला काही सांगितलं नाही, ते मी पोस्टमध्ये जरा सजवून लिहिलं.

तुम्ही "प्राचीन थोतांड" म्हणालात, त्यातलं प्राचीन तेवढं चूक आहे. रेकी मिकाओ उसुई नावाच्या जपानी माणसाने १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास करून आणली असं रेकीवालेच सांगतात, म्हणजे जेमतेम शंभर वर्षं. मला मात्र कोर्समध्ये हजारो वर्षांचं ज्ञान म्हणून शिकवलं, दोन शनिवार-रविवारात, वर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट.

तुम्ही लिंक दिलेला एमिली रोझाचा प्रयोग मी तुमची कॉमेंट येईपर्यंत ऐकलाही नव्हता. वाचला. नऊ वर्षांची मुलगी, शाळेचा प्रोजेक्ट. हाताला ऊर्जा कळते म्हणणाऱ्या २१ जणांना पडद्याआडून दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यातल्या एका हातावर आपला हात धरून विचारलं, कुठला? २८० वेळा विचारलं, १२३ बरोबर, म्हणजे ४४ टक्के, नाणं उडवलं असतं तरी जास्त आले असते. १९९८ मध्ये ते अमेरिकेतल्या जामा ह्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आलं. मग मी काय केलं, भाचीला बोलावलं, डायनिंग टेबलच्या खुर्च्यांवर चादर टांगली आणि तेच केलं. वीस वेळा. माझे नऊ बरोबर आले. भाची हसत होती, मीपण हसले, पण त्या रात्री झोप लागली नाही.

कारण मग सासूबाई झोपल्या कशा, आणि मला लोकांचं कळतं ते कुठून? खूप विचार केला तर उत्तर दुकानात सापडलं. तिथे थान उघडायच्या आधीच मला समजायचं की ही बाई घेणार की नुसती बघून जाणार. चप्पल कशी काढते, नवऱ्याकडे किती वेळा बघते, पर्सवरचा हात. कुणी शिकवलं नव्हतं, रोजची शंभर गिऱ्हाईकं बघून डोळा बसला. आता माझ्याकडे कुणी येऊन नुसतं मान दुखते म्हणालं तरी मी तेच बघते आणि त्यालाच इंट्यूशन म्हणत होते. हाताला काही कळत नाही हो, पण हात ठेवला की माणूस बोलायला लागतो.

त्याचाही एक अभ्यास सापडला, हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांचा, २००८ चा. आयबीएसचे (आतड्यांचा जुनाट त्रास) २६२ पेशंट. काहींना नुसतं वेटिंगवर ठेवलं, काहींना अॅक्युपंक्चरच्या खोट्या सुया (टोचतच नाहीत अशा) पण फार न बोलता, आणि काहींना त्याच खोट्या सुया पण आधी पाऊण तास आपुलकीने विचारपूस. तीन आठवड्यांनी बरं वाटतंय म्हणणारे २८, ४४ आणि ६२ टक्के. आता हे पोटाच्या त्रासाचं, आणि तेही पेशंटने स्वतः सांगितलेलं. गाठ विरघळत नाही ह्याने. आमच्याकडे होळीनंतर शीतला सप्तमीला आदल्या दिवशीचं थंड जेवण असतं आणि ते मी आवडीने करते, पण देवीचा रोग गेला तो लसीने, १९८० साली डब्ल्यूएचओने जाहीर केलं, ते काही थंड पुऱ्यांनी झालं नाही.

आता बाकीचे कुठे गेले. हे तुम्ही बरोबर पकडलं आणि इथेच मला सगळ्यात जास्त लागलं. आमच्या शेजारचे एक काका डावा खांदा दुखतो म्हणून आले होते. मी अर्धा तास हात ठेवला, ते घरातल्या कटकटीबद्दल बोलले, मला सगळं "कळलं" आणि मी म्हटलं काका, ताण आहे, मुलाशी मोकळं बोला. त्याच रात्री दवाखाना, अँजिओप्लास्टी. वाचले. सून हुशार होती, तिने कुणाला विचारलं नाही, सरळ गाडीत घातलं. काका आजही भेटले की राम राम करतात पण आमचा जिना चढत नाहीत. हे मी पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण लाज वाटली, दुसरं काही कारण नाही.

तेव्हापासून आधी डॉक्टरचा पर्चा बघते. छाती, खांदा, जबडा, एका बाजूचा हात जड, वजन उतरणं, कुठूनही रक्त, असलं काही निघालं तर हात लावत नाही, रिक्षा बोलावते. दोन जण चिडून गेले, जाऊ दे.

पैशाचं म्हणाल तर तासाचे तीनशे घेते आणि घेणार. फुकट होतं तेव्हा लोक अकराला सांगून एकला यायचे. कायद्याचं मात्र तुमचं म्हणणं मान्य आहे, १९५४ च्या त्या जादूच्या उपायांच्या जाहिरातींच्या कायद्यात मधुमेहसुद्धा येतो, आणि माझ्या पोस्टमध्ये "शुगर कमी झाली" अशी ओळ होती. त्या बाईंनी भातही सोडला होता आणि गोळीही बदलली होती, ते मी लिहिलंच नव्हतं. ओळ काढली आहे. कार्डावरचं इंट्यूइटिव्ह आणि हीलर दोन्ही पेनाने खोडते आहे, दोनशे छापली होती, साठ झाली.

काम सोडणार नाही पण. काल एक आजी आल्या होत्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल, मुलगा बंगलोरला, तासभर पाठीवर हात ठेवून बसले तर फक्त लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलल्या. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही सुचवा.

आणि इंदूरला आलात तर राजेंद्र नगरला या. चादर तशीच टांगलेली आहे, भाचीला आता आईचेही हात तपासायचेत.