अरब क्रीडास्पर्धांना एवढी जागा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अरब देश एकमेकांशी खेळतात त्या अरब क्रीडास्पर्धांवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. एक, तिथली कामगिरी ऑलिंपिकच्या तोडीची क्वचितच असते. दुसरा, ठरल्या वेळी न भरणाऱ्या आणि राजकारणात अडकलेल्या स्पर्धेचं एवढं कौतुक कशाला?

पहिल्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. पण नुसते विक्रम पाहत बसलं, तर या स्पर्धेतलं सगळ्यात मोलाचं हातून निसटतं. १९५३ मध्ये अलेक्झांड्रियात पहिली स्पर्धा भरली, तेव्हा फुटबॉलमध्ये पॅलेस्टाइनचा संघ इजिप्तकडून ८-१ असा हरला. निकाल दारुणच आहे. पण १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती, लाखो पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते, आणि तरीही त्यांचा संघ स्वतःच्या नावाने मैदानात उतरला. फिफाने त्यांना सदस्यत्व दिलं ते १९९८ मध्ये! म्हणजे जगाने दार उघडायच्या ४५ वर्षं आधी अरब देशांनी त्यांना खेळायला जागा दिली होती. पुढे १९९९ मध्ये अम्मानला याच देशाने फुटबॉलचं कांस्यपदक मिळवलं. माझ्या लेखी त्या पदकाची किंमत फार मोठी आहे.

आता अनियमितपणा. कैरो १९६५, त्यानंतर एकदम दमास्कस १९७६. मधे १९६७ आणि १९७३ ची अरब-इस्रायल युद्धं झाली. बैरूतचं कामिल शमून स्टेडियम १९५७ च्या स्पर्धेसाठी बांधलं, १९८२ च्या इस्रायली आक्रमणात ते उद्ध्वस्त झालं, आणि नव्याने उभारून १९९७ मध्ये तिथेच पुन्हा हीच स्पर्धा झाली. २०११ च्या दोहानंतर तर थेट २०२३ चं अल्जीरिया. या खंडांना तुम्ही आयोजनातली ढिलाई म्हणता. मला त्यात त्या प्रदेशाचा इतिहास दिसतो.

राजकारण आहेच. अरब लीगने, म्हणजे अरब देशांच्या संघटनेने, सीरियाला निलंबित केलं आणि २०११ च्या दोहा स्पर्धेत त्यांचे खेळाडू नव्हते. मे २०२३ मध्ये लीगने सीरियाला परत घेतलं आणि जुलैत त्यांचं पथक अल्जीरियात दाखल झालं. मधल्या काळात ज्यांचं खेळायचं वय सरून गेलं, त्यांचं नुकसान कोणी भरून देणार नाही. इथे तुमचा राग मला पूर्ण पटतो.

मात्र एका गोष्टीवर तुम्ही बोट ठेवायला हवं होतं. पहिल्या पाच स्पर्धांत स्त्रिया नव्हत्याच. त्या पहिल्यांदा उतरल्या १९८५ मध्ये, मोरोक्कोत. त्याच मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलने त्याच्या आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळा शर्यतीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं होतं. या ३२ वर्षांच्या उशिराचं खापर मात्र कोणत्याही युद्धावर फोडता येत नाही. तो दोष आयोजकांचाच.